कंदील चालंल, मेणबत्ती न्हाय

दाऊदकाका बसायचे नाहीत. कुठंच बसायचे नाहीत. दळणाला आलेल्या माणसांसाठी मी गिरणीत भिंतीला लागून बाकडं टाकलं होतं, पण त्याच्यावर काकांचा फक्त डबा बसायचा. स्वतः काका त्या डब्याभोवती फिरायचे. ह्या दारातून त्या दारात, मध्येच जात्याच्या तोंडाशी वाकून बघायचं, परत दारात. जेवायचेसुद्धा उभ्यानं, ताटली हातात धरून. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, उभं राहूनच पुड्या बांधल्या. नोकरी सुटली तरी पायांना ते कुणी सांगितलंच नाही. हातांचीही तीच गत. समोर बाटली दिसली की उचलून हलवायची. माझ्या गिरणीतली गोडेतेलाची, रॉकेलची, इंजिनाच्या तेलाची, एकूण एक बाटली काकांनी हलवून ठेवलेली.

मी हौसा. गंगावेशीजवळ आमची पिठाची गिरण. गिरण घातली आमच्या मालकांनी, आणि घालून झाल्यावर ते तालमीत जे रमले ते रमलेच. मग पट्टा चढवण्यापासून दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. दिवसभर त्या खडखडाटात बोलून माझा आवाज असा झालाय की मी हळू बोलले तरी शेजारणीला वाटतं भांडण लागलं. तेव्हा माझं बोलणं जरा मोठ्यानं वाटलं तर समजून घ्या.

तर दाऊदकाका. त्यांचं एक पालुपद होतं. "वचन दाखव!" वचन म्हणजे त्यांच्या शास्त्रातलं वाक्य, अध्याय आणि आकड्यासकट. कुणी काहीही सांगितलं की काकांचं बोट वर. "वचन दाखव!" चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश करायला लागले आणि मनाचं एखादं वाक्य बोलले, की मागून आवाज यायचा, "वचन?" पाळकसाहेब अडखळले तर काका छत्री उचलून बाहेर. गावातल्या सगळ्या प्रोटेस्टंट चर्चमधून ते असे रागानं बाहेर पडलेले आणि सगळीकडं परत गेलेले. तरी एका चर्चनं त्यांना आपल्या मंडळीचे वडील नेमलं होतं. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं, आणि वडील म्हणजे पंचासारखा मान. बहुतेक त्यामुळं तरी घटकाभर बसतील म्हणून नेमलं असणार. मंडईत एक बाई वांगी विकत होती, म्हणाली, सकाळचीच हायती काका, ताजी. काका म्हणाले, "वचन दाखव!" ती बाई शिरोळची, खमकी. तिनं वांगंच दाखवलं, नाकासमोर धरून.

ह्या माणसाला जोडीदार मिळाला तो लॉरेन्सबाब. हा गोव्याचा कॅथलिक. तरुणपणी सिनेमाच्या स्टुडिओत फिडल वाजवायला म्हणून कोल्हापुरात आला. सिनेमे मुंबईला गेले, हा इथंच राहिला. लग्न केलं नाही. एक बहीण होती, ती आफ्रिकेत गेली ती तिकडचीच झाली. लग्नाच्या बँडमध्ये वाजवून पोट भरायचा आणि काकांच्या शेजारच्या खोलीत राहायचा. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघेही एकटे, दोघेही आपलं दळण आपणच आणणारे. दर शनिवारी माझ्याकडं यायचे आणि यायचे ते भांडत.

भांडण एकच. खरं चर्च कुणाचं?

गिरण चालू असायची, त्यामुळं दोघं बेंबीच्या देठापासून ओरडायचे. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, ज्यांनी आयुष्यात कधी चर्च बघितलं नाही त्यांनाही, पोप कोण आणि त्याची खुर्ची कुणाची हे तोंडपाठ झालं होतं.

"आमचा पोप सां पेद्रूच्या, तुमच्या त्या पेत्राच्या, खुर्चीवर बसतो मरे!" लॉरेन्सबाब ओरडायचा. "एकाच्या मागून एक, खंड नाही. तुमचं चर्च कालचं!"

"खुर्चीनं मंडळी हुतीया व्हय?" काका एका पायावरून दुसऱ्या पायावर. "मग मामलेदार कचेरी लई पवित्र म्हणायची! जिथं वचन सांगत्यात, तिथं मंडळी. दोन माणसं असली तरी मंडळी."

"तुझ्या मंडळीत दोनच हायत. एक तू नि एक तुझी छत्री."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काका लालबुंद. एकदा असेच तापले आणि म्हणाले, "खुर्ची, खुर्ची! प्रभू कधी खुर्चीवर बसला हुता? बसलाच न्हाय! सारखा चालत हुता!"

लॉरेन्सबाब डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाला, "बसला होता. डोंगरावर बसला नि मग शिकवलं. मत्तय, पाचवा अध्याय, पहिलं वचन."

तेवढ्यात माझा पट्टा सटकला आणि गिरण बंद पडली. त्या शांततेत काकांचं तोंड उघडंच राहिलं. कॅथलिक माणसानं त्यांना वचन दाखवावं! पुढच्या शनिवारी काका आले ते नुसते फिरत राहिले. मी म्हटलं, काका, आता तरी बसा, वचन हाय की. त्यांनी माझी रॉकेलची बाटली उचलून जोरात हलवली आणि खाली ठेवली.

काकांचा सगळ्यात मोठा राग मेणबत्तीवर. एकदा नाताळाच्या आधी त्यांच्या चर्चमध्ये संध्याकाळची उपासना चालू असताना लाईट गेली. पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी टेबलावर मेणबत्ती लावली. काकांनी पुढं जाऊन ती टोपीनं विझवली. "आज मेणबत्ती लावशीला, उद्या पुतळं आणशीला, परवा पोप यील!" लोक अंधारात बसले. काका तसेच धावत माझ्याकडं. "हौसा, कंदील दे!" मी म्हटलं, "काका, उजेड तो उजेड. मेणबत्तीचा काय नि कंदिलाचा काय?" "कंदील चालंल, मेणबत्ती न्हाय!" घेऊन गेले माझा कंदील. त्याची काच मी त्या दिवशी राखेनं पुसलेली नव्हती, त्याची मला अजून लाज वाटते.

लॉरेन्सबाबला हे कळल्यावर तो हसला नाही. मेणबत्ती म्हणजे त्याच्या जिवाभावाची गोष्ट. कॅथलिक लोक नोव्हेंबराच्या दोन तारखेला आपल्या मेलेल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. लॉरेन्सबाब दर वर्षी जायचा. आणि ज्या कबरीवर कुणीच आलेलं नसेल तिच्यावर आपली मेणबत्ती लावून यायचा. मला एकदा म्हणाला, "हौसाबाय, मला मरणाची भीती नाही गो. पण त्या दिवशी सगळ्या कबरी पेटलेल्या नि माझी एकटी काळोखात, ते डोळ्यांसमोर येतं."

काका तिथंच फेऱ्या मारत होते. "मेलेल्याला उजेड कशाला? तो प्रभूकडं गेला, विषय मिटला. माझी बायकू गेली, मी जातो काय कबरीवर? ती तिथं हायच कुठं? मेलेल्यासाठी प्रार्थना करा असं वचन दाखव!" लॉरेन्सबाबला ते दाखवता आलं नाही. त्यानं डबा उचलला आणि गेला.

त्या पावसाळ्यानंतर लॉरेन्सबाबचा खोकला वाढला. छातीचा भाता झाला नुसता. काका रात्रंदिवस शेजारी, म्हणजे शेजारी उभे. औषध हलवून द्यायचे, पेज करायचे, आणि भांडायचे. मी भाकरी घेऊन गेले तर आतून हेच ऐकू आलं. लॉरेन्सबाब म्हणत होता, "फादरला बोलव. शेवटचं तेल लावायचं."

मरणाऱ्या कॅथलिकाला फादर तेल लावून आशीर्वाद देतात, ते हे तेल. मला वाटलं, आता काका वचन मागणार. पण काका म्हणाले, "तेलाला वचन हाय. याकोब, पाचवा अध्याय, चौदावं. पर त्यात मंडळीच्या वडिलांना बोलवा असं हाय, फादर न्हाय. वडील मी हाय. मीच लावतो."

"तू लावशील तर खोकला वाढेल मरे. फादरला आण."

काका गेले की! ज्या दारात आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं, त्या दारात भर उन्हात धावत गेले आणि फादरला त्यांच्याच सायकलवर डबल सीट घेऊन, उभ्यानं पायडल मारत आले. फादर आत तेल लावत होते, काका बाहेर अंगणात येरझाऱ्या घालत होते.

फादर गेल्यावर लॉरेन्सबाबनं काकांना जवळ बोलावलं. मी उशाशीच होते. म्हणाला, "दाऊद, माझ्या मागे कोण नाही. त्या दिवशी एक मेणबत्ती लावशील? एकच."

काकांच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं. "वचन दाखव."

लॉरेन्सबाबनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मला असा संताप आला. माती देऊन आल्यावर मी काकांना अंगणातच धरलं. "असला कसला तुमचा देव हो? मेणबत्तीला भितोय! मरणाऱ्या माणसाला व्हय म्हटलं असतं तर काय तुमचा स्वर्गातला सोन्याचा मुकुट जाणार हुता? ऱ्हाऊ दे, मी लावीन जाऊन."

काका म्हणाले, "तू कशाला? तू ह्या दोन्ही चर्चांतली न्हाईस." आणि चालू लागले.

मग काकांची तऱ्हाच बदलली. दळण नसलं तरी गिरणीत यायचे. या दारातून त्या दारात, बाकड्याच्या ज्या टोकाला लॉरेन्सबाब बसायचा तिथंपर्यंत जायचे आणि मागं फिरायचे. कुणी काही बोललं तरी वचन मागायचे नाहीत. मंडईतल्या त्या बाईनं सांगितलं, किडकी वांगी दिली तरी मुकाट्यानं घेतली. शेजारी म्हणायचे, काकांच्या खोलीत सारखी पानं उलटल्याचा आवाज येतो. मला मात्र दर दोन दिवसांनी विचारायचे, "हौसा, तारीख काय आज?" अहो, गिरणीत डोक्याएवढं कॅलेंडर लटकत होतं!

दोन तारखेला संध्याकाळी मी गिरण बंद करत होते, तर काका दारात. अंगात कोट, हातात कंदील. लखलखीत पुसलेला, आणि उजेड असतानाच पेटवलेला. "हौसा, जरा येतीस काय सोबत? काम हाय."

कुठं ते मी विचारलं नाही. पिठाचे हात पदराला पुसले आणि निघाले.

ख्रिस्ती लोकांचं कबरस्थान एकच, पण मध्ये कमरेएवढी भिंत. अलीकडं काकांच्या लोकांच्या कबरी, पलीकडं फादरच्या. पलीकडं बायकापोरं, फुलं, ओळीनं मेणबत्त्या. भिंतीच्या फाटकाशी काका थांबले. तिथंच फेऱ्या सुरू. अलीकडून त्यांच्या चर्चमधला एकजण म्हणाला, "वडील, तिकडं कुठं?" काकांनी त्याच्याकडं बघितलं आणि आत गेले.

लॉरेन्सबाबची कबर अजून कच्ची, मातीचा नुसता उंचवटा. आजूबाजूला सगळं पेटलेलं आणि ही तेवढी काळी. काकांनी कंदील उशाशी ठेवला. मागं सरकून बघितला. उचलला, दुसऱ्या बाजूला ठेवला. परत बघितला.

"त्यानं कंदील म्हटलं न्हवतं," काका म्हणाले.

कोटाच्या खिशातून त्यांनी औषधाची पुडी बांधतात तशी पुडी काढली. उघडली. आत मेणबत्ती होती. कंदिलाची काच वर करून ती पेटवली आणि मातीत रोवली. जरा वाकडीच रोवली गेली.

"माझ्या हिशोबानं ह्याचा कायबी उपयोग न्हाय, हौसा," ते म्हणाले. "पर त्याच्या हिशोबानं हाय की."

अशा वेळी मला चेष्टाच सुचते, काय करू! मी म्हटलं, "काका, वचन?"

"बघितलं. पयल्या पानापास्नं शेवटच्या पानापत्तोर बघितलं." ते मेणबत्तीकडंच बघत होते. "न्हाय गावलं."

आणि काका खाली बसले. त्या ओल्या मातीत, पांढऱ्या पँटसकट, मांडी घालून. मी उभीच. मला वाटलं आता उठतील, मग उठतील. पण ते काही उठले नाहीत. वारं सुटलं तशी ज्योत आडवी व्हायला लागली. काकांनी दोन्ही हातांचा आडोसा केला, तरी ती ठरेना.

"हौसा," ते म्हणाले, "बस की जरा इकडच्या बाजूला. पदर आडवा धर. वारं लागतंय त्याला."