दांडीवरचा जावई

पॉप-अप कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची घडीची खोली, लावायला अक्कल लागते, आणि आमच्या घरात ती फक्त माझ्याकडे आहे! निदान त्या शुक्रवारी दुपारपर्यंत माझं असंच ठाम मत होतं.

कॅम्पर वयाने माझ्याहून थोडाच लहान. एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून होता आणि कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. मी तो ओढत घरी आणला तेव्हा बायको, म्हणजे जॅनेल, नाक धरून म्हणाली, "लाइल, हे काय उचलून आणलंस? वास बघ!"

"वास जाईल गं. स्वातंत्र्य येईल!"

स्वातंत्र्य कशापासून? सासूबाईंच्या तळ्याकाठच्या घरापासून! लग्न झाल्यापासून माझी उन्हाळ्याची सगळी सुट्टी तिथेच जाते. सुट्टी कसली, वेठबिगारी! मे महिन्यात गारठलेल्या पाण्यात उतरून लाकडी धक्का बसवायचा, मग रंगवायचा, थंडीआधी पुन्हा उचलायचा, आणि झोपायला व्हरांड्यातली डुगडुगती खाट. आर्डिसबाई, म्हणजे सासूबाई, काठावर खुर्ची टाकून म्हणणार, "डावीकडे जरा वाकडा वाटतोय."

म्हणून यंदा मी पैज लावली. सासूबाईंनी एक रात्र माझ्या कॅम्परमध्ये झोपायचं. सकाळी त्या स्वतःच्या तोंडाने 'वाईट नाही' म्हणाल्या, तर यापुढचे उन्हाळे आमचे! आता आमच्या मिनेसोटात 'वाईट नाही' याच्या वर कौतुकच नाही. नवं बाळ बघायला आलेले लोकसुद्धा पाळण्यात डोकावून तेवढंच म्हणतात.

"आणि नाही म्हटलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर जन्मभर धक्का मी बसवेन."

"आणि शेडचं छप्पर?"

"तेही!" मी छाती फुगवून म्हणालो.

कॅम्पग्राऊंडवर नवा कॅम्पर शिरला की लोक हातातली कामं टाकून, घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला बसतात. फुकटचा तमाशा! मी गाडी मागे घेत होतो आणि जॅनेल हातवारे करत होती. तिचा 'ये ये' आणि 'थांब थांब' यांत काडीचा फरक नाही. पाण्याचा नळ थोडक्यात वाचला, झाडाची साल वाचली नाही.

शेजारच्या जागेवरचा ओर्विन उठून आला. भला माणूस. "मदत करू का?"

"नको, नको."

"खरंच, करतो की."

"छे छे, कशाला!"

आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, एवढं म्हणताय तर' म्हणून मदत घ्यायची, ही रीत. ओर्विनने रीतसर तिसऱ्यांदा विचारलं. पण खुर्च्या वाढल्या होत्या, आणि सासूबाई बघत होत्या. मी म्हणालो, "नको!" बिचाऱ्याचा चेहराच पडला. तिसऱ्या नकारानंतर इथे कुणी पुन्हा विचारत नाही. आणि आपणहून मदत मागणं म्हणजे भर चर्चमध्ये पँट सुटणं!

मी गाडी सोडवली. हॅण्डल फिरवून छप्पर वर चढवलं, दोन्हीकडचे बिछाने ड्रॉवरसारखे बाहेर ओढले. टाळ्या पडल्या! मी टोपी काढून चारी दिशांना वाकलो, आणि त्या नादात कॅम्परच्या कोपऱ्यांतले चार पाय त्याच हॅण्डलने खाली सोडायचे राहून गेले. ते नसले की कॅम्पर नुसत्या दोन चाकांवर उभा!

सासूबाई एका हातात खिम्याच्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन निघाल्या. जाता जाता दुसऱ्या हाताने माझं हॅण्डल उचललं. "अस्वल आलं तर हाताशी काही असावं." आत गेल्या, थेट मागच्या बिछान्यावर बसल्या, आणि कॅम्पर उलाळला!

गाडीला जोडायची पुढची दांडी माझ्या हनुवटीपर्यंत वर आली. मी झेप घेतली आणि दांडीवर बसलो. कॅम्पर सरळ.

"लाइल! हे काय हललं?"

"वारा, आई!"

"झाडाचं पानही हलत नाहीये."

"तळ्याकडचा वारा आहे!"

मी हळूच उठलो. दांडी वर! बसलो. दांडी खाली.

जॅनेल धावत आली. "अरे, पाय सोड ना खाली!"

"हॅण्डल कुणाच्या उशाशी आहे?"

"मग आईला सांग."

"आणि पैज?"

"गाडी जोडू?"

"इंजिनाच्या आवाजाने बाहेर येतील त्या!"

"मग ओर्विनला बोलाव."

"त्याला तीनदा नको म्हणालोय!"

शेवटी दांडीवर बर्फाची पेटी ठेवून पाहिली. सासूबाईंपुढे पेटीचं काय चालणार! "मग बस असाच," म्हणून जॅनेल गाडीत शिरली आणि काचा वर करून झोपली.

अंधार पडता पडता ओर्विन आला. "इथे बसलायस?"

"हो. हवा छान आहे." मी मान, कान आणि कपाळ एकदम बडवलं.

"डास?"

"वाईट नाहीत."

तो थोडा घुटमळला. विचार रे बाबा, एकदाच विचार! मी गालावरचा आणखी एक डास मारला. तो गेला. आतून सासूबाईंचं घोरणं सुरू झालं.

पहाटे दार उघडलं. माझं तोंड टम्म सुजलेलं, एक पाय बधिर. सासूबाई पायरीवर उभ्या राहिल्या, आळस दिला आणि म्हणाल्या, "वाईट नाही."

जिंकलो! मला रडूच यायला लागलं. "जॅनेल! ऐकलंस? म्हणाल्या त्या!"

"इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मी ठरवलंय. तळ्याकाठचं घर विकून टाकायचं. आता दर उन्हाळ्यात मी तुमच्याबरोबर इथेच."

"पण आई, आमची पैज..."

"तू जिंकलास ना! म्हणून तर विकतेय." त्यांनी हॅण्डल माझ्या हातात दिलं. "आता सोड पाय खाली. रात्रीच देणार होते, पण तूच म्हणालास, वारा आहे. आणि पुढच्या वेळी बुडाखाली उशी घेऊन बस, बाबा. सारखी चुळबुळ करतोस, माझी झोप मोडते!"

खरं सांगू? ती व्हरांड्यातली डुगडुगती खाट... वाईट नव्हती.