नऊ नंबरची मोहरी

साहेबापुढे 'नाही' म्हणायचं माझ्या जिवावर येतं. चौपाटीच्या सभेत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं मी घसा बसेपर्यंत ओरडत असे. पण ऑफिसात सोराबजीसाहेबांनी नुसता चष्मा काढला, तरी माझ्या तोंडून 'येस सर' निघे.

"माधवराव, तुमी कोकनचा मानस. शिकारचा छर्रा तुमाला ठावूक असेल ना?"

"येस सर!" (कोकणात शिकारी यायचे हे खरं. ते आले की आमचे आजोबा माळ्यावर जाऊन बसायचे.)

साहेबांचं रविवारी क्लबात 'ट्रॅप शूटिंग' होतं. त्यात यंत्रातून मातीच्या थाळ्या हवेत उडवतात आणि बंदुकीनं फोडतात. (आमच्या घरी कपबशा फोडायला बंदूक लागत नाही, मी पुरतो.) हेडक्लार्कची खुर्ची तेव्हा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची हे साहेब सोमवारी ठरवणार होते. या थाळ्यांसाठी कोणत्या नंबरचा छर्रा घ्यावा ते पाहून यायला त्यांनी मला फोर्टातल्या दुकानात पिटाळलं. दुकानदारानं चार, साडेसात आणि नऊ नंबरच्या छर्ऱ्यांच्या तीन पुड्या नमुना म्हणून बांधून दिल्या. मी त्या उघडून पाहिल्यासुद्धा नाहीत. थाळी लहान, तेव्हा छर्रा बारीक हवा. आणि तिन्हींत लहान आकडा चार. डोकं चालवायला लागतंच किती?

"नंबर चार, सर!" ऑफिसात परतून मी ठणकावून सांगितलं.

"वेरी गुड. उद्या लायसन घेऊन मी काडतूस आणतो."

पुड्या मी वाण्याच्या सामानाच्या पिशवीत टाकल्या आणि शीळ घालत गिरगावात घरी आलो. लालबागहून सासरे आले होते. या तात्यांचा जन्म गिरणीच्या सूतखात्यात गेलेला. जावई हेडक्लार्क होणार म्हणून ते मुद्दाम जेवायला थांबले.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कालिंदीचा आवाज आला.

"अहो, मोहरी तडतडत नाहीये!"

"तेल तापलं नसेल."

"तेलातून धूर निघतोय!"

"मग आणखी घाल." (बायकोला स्वयंपाकातला सल्ला देण्याची ही माझी शेवटची वेळ.)

तिनं आणखी घातली. कढई ढिम्म. तात्या उठले, डब्यातली मोहरी चिमटीत धरून त्यांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाय माझे, ही मोहरी नाय, शिसा हा!"

मी धावत जाऊन केरातला पुडीचा कागद उचलला. त्यावर आकडा होता नऊ. मग चार नंबरची पुडी सोडली, तर आत धण्याएवढे टपोरे छर्रे!

"जावईबापू," तात्या म्हणाले, "सुताचा पण तसाच. वीस नंबर जाडा, ऐंशी नंबर बारीक. गिरणीत पयल्या दिवशी शिकवतत."

"तात्या, माझी खुर्ची गेली!" मी मटकन खाली बसलो. खरंच रडू येत होतं.

कालिंदीनं आधी कढई केरात टाकली. मग ताटात तिन्ही नंबर ओतून ती तांदूळ निवडावेत तशी निरखू लागली.

"हे धणे मुठीत मावणार किती? थाळी मधल्या फटीतून निसटायची. मोहरी पुष्कळ मावेल, पण लांबवर गेली की तिच्यात जोर कुठला? हा मधला बारीक साबुदाण्याएवढा आहे, तोच सांगा. आणि काडतुसात भरतात किती?"

"दुकानदार म्हणाला, औंसभर. नाहीतर सव्वा औंस."

"साहेब अंगानं कसे आहेत?"

"काडी!"

"मग सव्वा कशाला? दिवसभर बंदुकीचे धक्के खाऊन खांदा धरेल त्यांचा. औंसभर पुरे."

त्या दिवशी आम्ही दहीपोहे खाल्ले. शनिवारी सकाळी साहेब दुकानात जायच्या आत मी त्यांना गाठलं आणि जन्मात पहिल्यांदा 'नो सर' म्हणालो. कढईसकट सगळं सांगून टाकलं. साहेब खोकला येईपर्यंत हसले.

रविवारी त्यांनी पंचवीसपैकी तेवीस थाळ्या फोडल्या. सोमवारी कालिंदीसाठी नवी कोरी कढई आली आणि मला खुर्ची मिळाली. आनंदानं मी चाळभर पेढे वाटले.

आता मी हेडक्लार्क आहे. महत्त्वाच्या फाईलवर स्वतःचं मत लिहून, झोकात सही ठोकून मी ती साहेबांकडे पाठवतो. ती परत येते तेव्हा माझ्या सहीखाली लाल पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं असतं, 'मिसेसला विचारलं?'