चूळ भरायची वाइन

दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात एकच गोष्ट परत हवी होती: स्वतःचा सोफा. बायकोचा धाकटा भाऊ वाइन चाखण्याचा कोर्स करून आला, तो थेट त्या सोफ्यावर आडवा झाला आणि ऋतू बदलले तरी उठला नाही. बरं, गप्प पडून राहावं, तर तेही नाही. साधं पाणी दिलं तरी आधी हुंगायचा.

म्हणून चौकातल्या बड्या हॉटेलचे मालक दाढ दाखवायला आले, तेव्हा त्यांच्या तोंडात आरसा असतानाच डॉक्टरांनी विषय काढला. अशा वेळी माणसाला नाही म्हणता येत नाही. शेठना वाइनचा जाणकार हवाच होता. पुढच्या खेपेला मेव्हण्याची परीक्षा आणि दाढेचं काम एकाच बैठकीत उरकायचं ठरलं.

"वाइन चाखून थुंकायची असते," मेव्हणा खुशीत म्हणाला. "आणि भाऊजी, तुमच्याइतकी शाही थुंकायची सोय अख्ख्या शहरात नाही."

त्या दिवशी त्याने फ्रान्सची दणकट लाल वाइन सकाळीच उघडून सुरईत ओतून ठेवली, तिला म्हणे हवा लागावी लागते. औजारांच्या ट्रेमध्ये भाजलेलं मांस आणि जुनं, घट्ट चीज मांडलं. शेठ खुर्चीत बसले, त्यांनी आ वासला आणि डॉक्टरांनी सवयीने इंजेक्शन टोचलं.

"भाऊजी! आधी वाइन ठरली होती!"

"उघडं तोंड दिसलं की माझा हात थांबत नाही रे!"

"काई अरकत नाई," शेठ म्हणाले. त्यांचा अर्धा चेहरा रजेवर गेला होता. पण आपल्या जिभेचा त्यांना एवढा गर्व, की ती बधिर झाली हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते. "ओत!"

"गिळू नका, घोळवा. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतील."

"वाततायत!" शेठ म्हणाले. त्या क्षणी हिरड्या कुणी काढून नेल्या असत्या तरी त्यांना पत्ता लागला नसता.

"आता मांसाचा तुकडा. चरबीने हिचा तुरटपणा मऊ होतो."

"खबरदार!" डॉक्टर ओरडले. "बधिरपणा उतरेपर्यंत चावायचं नाही. स्वतःचा गाल खाल शेठ, आणि छान झालाय म्हणाल."

मग मेव्हण्यानेच चिमट्याने एकेक तुकडा उचलून खायला आणि त्याचं वर्णन करायला सुरुवात केली. इतका जीव तोडून, की डॉक्टरांच्याही तोंडाला पाणी सुटलं. शेठ डोळे मिटून ऐकत होते आणि वाइन त्यांच्या बधिर ओठातून हनुवटीवर, तिथून पांढऱ्या टॉवेलवर ओघळत होती.

नेमकं तेव्हाच पुढच्या पेशंटबाईंनी दार ढकललं. बेसिन लाल, टॉवेल लाल, खुर्चीत डोळे मिटलेला माणूस, आणि शेजारी एकजण चिमट्याने मांस खात डॉक्टरांना म्हणतोय, "तुम्हीही घ्या ना, अजून कोमट आहे!"

"माझी दाढ थांबली हो दुखायची," बाई म्हणाल्या आणि पळाल्या. त्यांनी बाहेर काय सांगितलं कोण जाणे, पण डॉक्टर बाहेर डोकावले तेव्हा बाकावर फक्त एक छत्री उरली होती.

शेठ मात्र दाढ विसरून हनुवटी पुसत उठले. "नोकरी पक्की!" मग डॉक्टरांच्या कानाशी लागले. "खरं सांगू? चव शष्प कळली नाई. पण हा खात होता तेव्हा मला भूक लागली. माझी गिऱ्हाइकंही अशीच आएत."

डॉक्टरांना आनंदाने भरून आलं. गेलेल्या पेशंटांचं दुःखही ते विसरले. "मग याची राहायची सोय हॉटेलातच ना?"

"कशाला? हॉटेलपासून दोन पावलांवर, तुमच्याकडेच तर राहतो!"

संध्याकाळी मेव्हणा सोफ्यावर ऐसपैस आडवा झाला. "भाऊजी, नोकरी असावी तर अशी घराजवळ!"

डॉक्टरांनी सुरईत उरलेली वाइन तोंडाला लावली. या खेपेला चूळ वगैरे काही टाकली नाही. सरळ गिळली.