खिळ्यावरचा कॅमेरा

हिरामणदादा म्हात्र्यांना कुणाचा फोटो काढायचा असला की ते आधी त्याच्याकडे खिळा मागत. "भाऊ, तुझे भिंतीचा येक खिला दे. कॅमेरा टांगतो." मग त्या खिळ्याला कॅमेरा अडकवून शेजारी बसून राहत. आठवडा, पंधरवडा, कधी महिनाभर. फोटो मात्र एकही काढत नसत.

मीही फोटोग्राफरच. भिवंडीच्या एसटी स्टँडमागे माझा स्टुडिओ आहे आणि 'पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो' ही पाटी माझीच. गिऱ्हाईक आलं, बसवलं, हनुवटी वर, क्लिक, पुढचा. दादा माझे शेजारी. दुकानात आले की ती पाटी दर वेळी नव्याने वाचत आणि विचारत, "पाच मिन्टांत मानूस दिसतो तुला?"

"कागदावर चिकटवण्यापुरता दिसतो, दादा."

"पन घाई कोनाला हाय?" असं म्हणून ते माझाच चहा पिऊन जात.

त्यांना घाई नव्हती हे खरंच. काल्हेरच्या शेतावर गोदाम उभं राहून पैसा आला तेव्हा भावाने मोठी गाडी घेतली आणि दादांनी कॅमेरे. भाऊबंदांनी कपाळावर हात मारला. यमुनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणाल्या, "दारू तर नाय ना पीत? मग पडूं दे."

दादांचं शास्त्र साधं होतं. माणूस कॅमेऱ्याकडे बघतो तोवर तो फोटोतला माणूस. कॅमेरा विसरला की स्वतःचा. विसरला हे ओळखायचं कसं? राहनाळच्या एका गोदामात त्यांचा कॅमेरा असाच टांगलेला होता. एका हमालाने येऊन आपली भिजलेली छत्री खुशाल त्या कॅमेऱ्यावर अडकवली. मी असतो तर आरडाओरडा केला असता. दादा पोरगा पास झाल्यासारखे माझ्याकडे धावत आले. "अरुण, छत्री टांगली रं! आता काढतो!"

तेव्हा मोबाइलमध्ये कॅमेरे नुकते यायला लागले होते. जो तो खिशातून काढून टिपत होता. त्याच दिवसांत दादांनी नजीरशेठच्या लूमच्या कारखान्यात मुक्काम ठोकला. तिथे लूमच्या खडखडाटात बोलणं खुणांनीच चालतं आणि सगळ्यावर कापसाचं तूस बसतं. भुवयांवर, पंख्यावर, चहावर. दादा कॅमेऱ्याची काच तेवढी पुसत, बाकी हात लावत नसत. कॅमेरा पांढरा झाला. मग करीमचाचा नावाच्या म्हाताऱ्या विणकराने एका सकाळी आपला कुर्ता त्यावर टांगला आणि कामाला लागला. दादांनी तो कुर्ता हलकेच बाजूला केला आणि सुरुवात केली.

ते फोटो मी पाहिले. करीमचाचा तुटलेला धागा जोडतोय, ओठ मुडपलेले, आणि डोळ्यांत असं काही की बघताना लूमचा आवाज ऐकू यावा. इतकी वर्षं मी हजारो चेहरे काढले, पण चेहरा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. खरं सांगतो, पाटी उतरवून ठेवावीशी वाटली.

मुंबईच्या एका गॅलरीत मी ओळख काढली. तिथल्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात एक जागा रिकामी आहे. येऊन बघते, आवडलं तर लावू. दादांनी मोरीची डार्करूम करून एकेक प्रिंट दिवसदिवस लावून काढली होती. प्रत्येकाची एकच. बाई ते बघणार कुठे? नजीरशेठ म्हणाले, "शुक्रवारी कारखाना बंदच असतो. मांडा की तिथे."

शुक्रवारी सकाळी मी आणि दादांनी फ्रेमा लावल्या. ज्याचा फोटो त्याच्या लूमशेजारच्या त्याच्याच खिळ्यावर. बंद कारखान्यात ते चेहरे असे दिसत होते की मी चपला बाहेर काढून आलो.

एक गोष्ट आम्ही साफ विसरलो. कारखान्याचा एक न लिहिलेला कायदा असतो: लूमशेजारच्या खिळ्यावर जे टांगलेलं, ते त्या लूमवाल्याचं. डबा, कुर्ता, कंगवा, दुसरा कुणी हात लावणार नाही.

दुपारची नमाज झाली आणि धुतलेले कपडे घालून, अत्तर लावून कामगार मंडळी फोटो बघायला आली. करीमचाचा आपल्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने तो अलगद काढला, गमछ्यात गुंडाळला आणि दादांचे दोन्ही हात कपाळाला लावले. "घर भेजूँगा, दादा. बारा महीने सूरत कहाँ दिखती है उनको." त्याचं बघून दुसऱ्याने काढला. मग तिसऱ्याने.

मी दादांचा दंड धरला. "अहो, थांबवा त्यांना! बाई निघाल्यात तिकडून!"

"येऊ दे की. घाई कोनाला हाय?" दादा म्हणाले आणि एकाच्या फ्रेमची तार खिळ्यात अडकली होती ती सोडवून द्यायला गेले.

बाई आल्या तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते. त्या बिचाऱ्या पहिल्या खिळ्यासमोर हात मागे बांधून अदबीने उभ्या राहिल्या. दुसऱ्यासमोरही. तिसऱ्यापाशी मी झालेला प्रकार सांगितला. "निगेटिव्ह असतीलच ना? आठवड्यात पुन्हा प्रिंट द्या," त्या म्हणाल्या. दादा म्हणाले, "आठवड्यात न्हाय व्हयाचा, बाय. दिवाली धरा." ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनेच त्यांच्या घरी गेलो. वहिनी वर्षापूर्वी चार दिवसांच्या तापात गेल्या; त्यांच्या तेराव्यानंतर मी उंबरा ओलांडला नव्हता. दादा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. "एवढी मोठी संधी हो, दादा..." मी सुरुवात केली आणि थांबलो.

शेगडीसमोरच्या भिंतीवर एक कॅमेरा टांगलेला होता. त्याला झेंडूचा ताजा हार होता.

"तिचा फोटो न्हाय," दादा म्हणाले. "लगनातला हाय, पन त्यात मुंडावल्याच दिसतान. मतदार कार्डावरला बघून तीच इचारायची, ही बाय कोन?"

"माझ्याकडे बसायला तयार होत्या वहिनी. तुम्हीच नको म्हणालात."

"मीच म्हनलो. म्हनलं, तिचा मीच काढीन, निवांत." त्यांनी गॅस बारीक केला. "दोन वरसां टांगला होता हितं. पन ती इसरलीच न्हाय. भाकरी थापताना नजर गेली की पदर सारखा करायची. म्हनायचो, अजून बघते. ऱ्हाऊ दे. घाई कोनाला हाय?"

कॅमेऱ्यावर फोडणीचा तेलकट थर बसला होता. हाराच्या पाकळ्या त्याला चिकटल्या होत्या.

"त्या लूमवाल्यांच्या घरी भिंतीवर लावायला काय तरी हाय आता," दादा म्हणाले आणि माझ्यापुढे कप ठेवला.

मी कॅमेऱ्याकडे बघतच चहा घेतला. वळून पाहिलं तर दादा माझ्याकडे बघून हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. कॅमेऱ्याकडे बघता बघता माझा हात शर्टाच्या कॉलरवर गेला होता. मी ती सारखी करत होतो.

"अशीच," दादा म्हणाले. "हुबेहूब अशीच करायची."