हूम, सोऱ्या आणि एकच काच

खण्ण!

भर दुपारी जालन्यातलं आमचं सगळं मस्तगड पेंगत होतं, तेव्हा आमच्या फळीवरून माझा पितळी सोऱ्या खाली पडला आणि गडगडत ओसरीवर याकूबमियांच्या पायाशी जाऊन थांबला. याकूबमियां म्हणजे आमचे घड्याळजी. ते आणि हे, म्हणजे आमच्या उषीचे वडील, तासभर एका दुर्बिणीकडं आणि एका कॅमेऱ्याकडं आळीपाळीनं बघत बसले होते. दोघांना जोडायला नळी हवी होती आणि ती अख्ख्या जालन्यात मिळत नव्हती. याकूबमियांनी सोऱ्या उचलला. एका तोंडाला दुर्बीण, दुसऱ्या तोंडाला कॅमेऱ्याचं भिंग. नेमकं बसलं!

"सुभानल्ला! भाभी, ये तो इसीच के वास्ते बना दिख रा!"

"तो शेव पाडायसाठी बनलाय. माझ्या रुखवतातला आहे!" मी म्हणाले. पण दोन पुरुष एका यंत्राशी खेळत असले की बाईचं ऐकतंय कोण!

हा सगळा खटाटोप हुमासाठी. हूम म्हणजे माळढोक. आमचे मामंजी काकासाहेब लहानपणापासून शेतावर हुमांच्या संगतीनं वाढले. आता त्यांच्या डोळ्यांवर पडदा चढला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्या. मामंजींनी तीर्थयात्रा मागितली नाही, देव मागितला नाही. म्हणाले, "एकडाव हूम बघायचा हाय."

शेत पडलं अंबडच्या वाटेवर, आणि मामंजींचे गुडघे उंबऱ्यापर्यंतच जायचे. म्हणून ह्यांनी फोटो काढून आणला. मामंजींनी तो नाकाला लावून पाहिला.

"ह्यो ठिपका हूम हाय, का माशी बसून गेली?"

म्हणून ही दुर्बीण. लांबचा पक्षी जवळ आला पाहिजे, मोठा आला पाहिजे आणि अगदी रेखीव आला पाहिजे, नाहीतर मामंजींना दिसणार नाही. अडचण एकच होती. हे कामाला जिनिंगात. कापसाची धूळ नाकात बसलेली. बटन दाबायची वेळ आली की ह्यांना शिंक येते! आमच्याकडच्या सगळ्या फोटोंतली माणसं भूकंप झाल्यासारखी दिसतात ती त्यामुळं. त्यात कापसाचा हंगाम, सुट्टी मिळेना.

"मी काढते," मी म्हणाले.

हे हसले. मला आला राग!

"वळवळणाऱ्या लेकराच्या डोळ्यात काजळ घालते मी, कधी टोचलं का? हा हात हलायचा नाही. हुमाच्या पापण्या मोजून दाखवीन!"

लढाईमुळं काचा मिळत नव्हत्या. फोटो ज्यावर उमटतो ती काच उरली होती एक. याकूबमियांनी मला मंत्र दिला, "भाभी, काच डाले बाद हाथ लगाए तो दुर्बीन थरथरती. दस तक गिनो. सांस नक्को लेव. फिर दबाव."

मी, पाच वर्षांची उषी, कॅमेरा, तीन पायांची घोडी आणि दुर्बिणीसकट सोऱ्या असे पाचजण बैलगाडीनं संध्याकाळी शेतावर पोचलो. आमचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं करणारा कचरू वाट बघत होता. त्यानं जागा दाखवली. हूम रोज सकाळी बांधाजवळच्या पडीकात किडे टिपायला यायचा. मी तुरीच्या आडोशाला घोडी उभी केली. दुर्बीण नेमकी लावायला अंतर माहीत हवं, म्हणून पदर खोचून पावलं मोजली. बहात्तर भरली. पहाटे अंधारात जागा चुकू नये म्हणून हुमाच्या जागी एक खुंटी ठोकली आणि उषीच्या फाटक्या झबल्याची लाल चिंधी बांधली.

कचरू हे सगळं तोंड वासून बघत होता.

"काय मोजून राह्यल्या, वैनीबाई?"

"उद्या कळेल. कोणाला बोलू नको हं. गलका झाला तर सगळं फिसकटेल."

"बिलकुल न्हाई बोलनार."

आणि खरंच, कचरू कोणालाच बोलला नाही. फक्त बायकोला बोलला. गोजरबाईही कोणाला बोलली नाही. फक्त आडावर जेवढ्या होत्या तेवढ्यांनाच बोलली!

आता तुम्हीच सांगा. तीन पायांवर दुर्बीण, पावलं मोजणं, खुंटी, लाल चिंधी आणि वर "कोणाला बोलू नको". आपल्या मुलखात ह्याला काय म्हणतात? पैमाईश! सरकारी जमीनमोजणी! आणि पैमाईश म्हटली की ज्यानं ज्यानं शेजाऱ्याचा बांध कोरलाय त्याच्या पोटात गोळा. हे सगळं मला त्या रात्री सुचायला हवं होतं. मला सुचलं ते इतकंच की उषीला कानटोपी घालायला हवी.

पहाटे मी माझी काळी चंद्रकळा डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढली आणि आत शिरले. आतल्या काचेवर सगळं जग उलटं दिसतं. खाली आभाळ, वर जमीन. आणि त्या वरच्या जमिनीला लटकून, ऐटीत, हूम! पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, चाल अशी की तहसीलदारानं शिकावी. हा एवढा मोठा, काचभर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मामंजी, तुमचा हूम सापडला!

उषी माझ्या गुडघ्याला चिकटून बसली होती. मी तिला दटावलं, "आता दहापर्यंत गप्प."

मी फोटोची काच सरकवली. ती घातली की आपण आंधळे. आतलं काही दिसत नाही. मी डोळे मिटले, श्वास धरला.

एक. दोन. तीन.

लांबून कोणीतरी ओरडलं, "आले रे आले! पैमाईशवाले आले!"

चार. येईनात का, म्हटलं, आपल्याला काय!

पाच. धपधप पावलं. सहा. "उचल, उचल! जल्दी!" सात. फडफड झाल्यासारखं वाटलं. आठ. उषी म्हणाली, "आई गं..."

"चूप!" (हा श्वास मी हिशेबात धरला नाही.)

नऊ. दहा. टक्!

हात हलला नाही. तसूभरसुद्धा नाही! मी विजयी मुद्रेनं चंद्रकळेतून डोकं बाहेर काढलं. पाहते तर हूम नाही, आणि शिवारभर माणसं! ज्याच्या त्याच्या डोक्यावर हद्दीचा दगड! जणू गावानं दगडांची जत्रा भरवली होती. मला पाहून सगळे जागच्या जागी थिजले.

"आरं, ही तर काकासाहेबांची सून!"

"सरकारनं आता बाया धाडल्या काय मोजायला?"

मी सगळं समजावून सांगितलं. हूम, मामंजी, सोऱ्या. कोणाचाही विश्वास बसला नाही. पाखरासाठी एवढं कोण करतं? शेजारच्या रानातली झुंबरबाई तर म्हणाली, "आमचं काई खोटं न्हाई बाई, लिहून घ्या तुमच्या नळीत!"

घरी आल्यावर ह्यांनी न्हाणीत लाल कंदील लावून काच धुतली. फोटो उन्हात वाळला आणि हे तीनदा शिंकले. फोटो इतका रेखीव, इतका रेखीव की बोट लावावं तर टोचेल! पण हूम नव्हता. खुंटीपाशी, डोक्यावर दगड घेऊन, थेट माझ्याकडं तोंड करून उभे होते रखमाजी. झुंबरबाईचे मालक. मामंजींचे चुलतभाऊ. आमच्या आणि त्यांच्या रानामधल्या ह्याच दगडापायी अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी म्हटलं, लपवा हा फोटो. तेवढ्यात मामंजींचा आवाज आला, "आला का माझा हूम?"

काय करणार! दिला हातात. मामंजी दारातल्या उन्हात गेले, फोटो नाकाला लावला. म्हाताऱ्या माणसाला उरल्यासुरल्या डोळ्यांनी बघायला मी काय आणून दिलं!

"ह्यो तर रखमा हाय," ते हळूच म्हणाले. "किती वाळला गं, सूनबाई! मानेच्या शिरा दिसून राह्यल्या. एवढा दगड उचलायचं वय हाय का त्याचं?" आणि मग, "निरोप धाडा त्याला. म्हनावं, डोळे हायेत तवर ये."

बाजारच्या दिवशी रखमाजी आले. उंबऱ्यावरच घुटमळले.

"दादा, दिसंना झालंय म्हनं तुला?"

"बाकी न्हाई दिसत. तुझी चोरी तेवढी बराबर दिसली!"

"चोरी? आरं, पैमाईश आली म्हनून दगड जाग्यावर ठिवाया गेल्तो मी!"

"जाग्यावर? मंग अकरा साल कुठं व्हता?"

जुंपली की दोघांची! मी चहा टाकला, दूध उतू घालवलं, पुन्हा टाकला. भांडून भांडून दोघांना धाप लागली. मग मामंजी म्हणाले, "तुझ्या त्या दगडापायी माझा हूम उडाला, रखमा. आता काई दिसायचा न्हाई."

रखमाजींनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली, मान खाली घातली आणि पोटातून आवाज काढला. "हूऽऽम... हूऽऽम..." भिंतीवरच्या फळीवर भांडी थरथरली. मामंजींनी डोळे मिटले. दोघं पोरं असताना माळावर असेच पक्ष्याला फसवत असणार. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याचा फोटो काढायला माझ्याकडं काच नव्हती.

सगळं कसं गोड झालं होतं. मी पदरानं डोळे पुसत होते, एवढ्यात उषी फोटो घेऊन मधोमध येऊन उभी राहिली. तिनं तो सुलटा बघितला, उलटा बघितला. फोटोत रखमाजींच्या, म्हणजे उषीच्या ह्या नव्या आबांच्या, मिशीचे केस मोजता येत होते. दगडावरचा चुना दिसत होता. पण दुर्बिणीनं लांबचं सगळं ओढून एका जागी आणलेलं, त्यात आपलं रान कुठं संपतं आणि त्यांचं कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं.

दोन्ही म्हातारे माझ्याकडं बघायला लागले, कारण उषीनं मलाच विचारलं होतं,

"आई, आबा दगड आणून राह्यले का नेऊन राह्यले?"