आज एकशे आठ हाय!

"बापूराव, आज एकशे आठ हाय!"

उन्हाळ्यात सकाळी मी दात घासत अंगणात उभा राहिलो, की पलीकडच्या ओट्यावरून ही आरोळी येते. एकदा खताच्या कंपनीचा एक माणूस माझ्याकडे मुक्कामाला होता. आरोळी ऐकून तो बिचारा बनियनवरच बाहेर पळाला. "कोणाला एवढा ताप आलाय? गाडी काढू का?" मी त्याला म्हणालो, "ताप नाही साहेब, हवामान आहे. तुम्ही चहा घ्या."

ओट्यावरच्या बाई म्हणजे आमच्या शेवंताकाकू. डोंगरकड्यात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काकूंनी आख्खी नोकरी अंगणवाडीत काढली. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांनी लहानपणी वजनाला झोळीच्या काट्याला टांगलेली आहेत, आणि त्या ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. काका गेले. एकुलता एक संजय शिकून अमेरिकेला गेला, तिथलाच झाला. आणि काकू मात्र डोंगरकड्यात बसून अमेरिकेच्या मापात राहू लागल्या.

"तिकडच्या हिशोबानं" हा त्यांचा परवलीचा शब्द. नांदेड त्यांच्या लेखी वीस मैलांवर. गॅसची टाकी पौंडांत जड. तारीख तर त्या महिना आधी धरूनच लिहितात. बँकेतल्या साहेबानं एकदा त्यांची चिठ्ठी परत केली. म्हणाला, "बाई, तेविसावा महिना आमच्या बँकेत नाही." काकू म्हणाल्या, "तिकडच्या हिशोबानं बघा की! तुमी तं शिकलेले माणसं." साहेबानं घंटी वाजवून पाणी मागवलं.

मी त्यांची पुष्कळ चेष्टा करतो. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे तरी कुठं एक धड आहे? जमीन एकरात, सोनं तोळ्यात, कापड मीटरमध्ये आणि नवरदेव फूट-इंचात. काकूंनी त्यात आणखी एक देश आणून बसवला, एवढंच.

याची सुरुवात झाली नात जन्मली तेव्हा. संजयनं आनंदाच्या भरात फोनवर वजन सांगितलं, "सात भरली गं, आई!" काकूंचा हात कपाळाला. जन्मभर बाळं मोजलेली बाई ती. "सात किलो? म्हंजे सूनबाईला शुगर होती अन् मला कोणी सांगितलं न्हाई!" असं म्हणून त्या फोन ठेवून रडत बसल्या. तेवढ्या वेळात बातमी वेशीपर्यंत पोहोचली होती. दोन बायका तर हे सात किलोचं लेकरू फोटोत तरी दाखवा म्हणून घरी आल्या. ते पौंड होते हे संध्याकाळी कळलं, पण रियाचं नाव गावात आजही 'सात किलोवाली'च आहे.

ही सात किलोवाली आता सात वर्षांची झाली. काकूंनी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलेलं आहे. दोनदा येणं ठरलं आणि दोनदा हुकलं. एकदा सुनेची रजा नाही, एकदा संजयची नोकरीच बदलली. दोन्ही वेळा काकूंनी वाळवणातल्या कुरडया गावात वाटून टाकल्या. 

पण त्या एकशे आठचं, म्हणजे फॅरनहाइटचं, कारण वेगळं आहे, आणि ते मला फार आवडतं. दोन वर्षांमागं मे महिन्यात रियानं फोनवर विचारलं, "आजी, तुझ्याकडे आज किती?" काकू म्हणाल्या, "बेचाळीस, बाई." त्यावर ते लेकरू कळवळलं. "बेचाळीस? किती थंडी, आजी! तू स्वेटर घाल ना!" त्यांच्याकडे बेचाळीस म्हणजे दात वाजायची वेळ. आता दुसरं कोणी असतं तर हसून समजावून सांगितलं असतं. काकू उठल्या, ट्रंकेतून काकांचा जुना स्वेटर काढला, अंगात चढवला आणि तशाच फोनपुढे बसल्या. मी काही कामानं आत डोकावलो तर बाई घामानं निथळताहेत आणि म्हणताहेत, "आता बराबर वाटून राहिलं गं बाळा, थंडी पळाली."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "लेकराला खोटी थंडी काहून दाखवायची, बापूराव? ते तिकडं काळजी करत बसल. तिला आपलं समजत न्हाई, तं आपण तिचं शिकावं." त्या दिवसापासून मोबाइलवरचं हवामान तिकडच्या हिशोबाचं झालं.

ताप मात्र दोन्ही देशांचा एकच. रियाला एकशे दोन आहे म्हटलं की काकूंना काही विचारावं लागत नाही. त्या रात्री त्यांच्या घरातला दिवा विझत नाही.

यंदा पुन्हा यायचं ठरलं. तिकिटं निघाली, संजयनं तारीख मेसेजवर पाठवली. काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं, "मे सहाला येऊन राहिलेत. मुंबईहून रेल्वेनं नांदेडला. कोणाला बोलू नका." ठरलेलं फार बोलून दाखवलं की हुकतं, अशी त्यांची पक्की समजूत झालेली. संजयलासुद्धा ताकीद होती, "येण्याचं फोनवर काही बोलायचं न्हाई. तारीख मला कळली, बस झालं." त्या मग तयारीला लागल्या. कूलर आला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे आले. रोज दुपारी काकू खोलीत तापमापक घेऊन बसायच्या आणि भिंतीवरून मला ओरडून सांगायच्या, "शहाऐंशीवर आणली खोली! अजून जरा खाली पाहिजे. ते थंडीतलं लेकरू, कोमेजून जाईल."

सहा मेला माझ्या जुन्या गाडीतून आम्ही नांदेडला गेलो. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर पाण्याची बाटली, वेलची केळी आणि एक ओला पंचा. नातीच्या डोक्यावर ठेवायला.

मुंबईची गाडी आली. माणसं उतरली, पांगली. काकू टाचा उंचावून डब्यांकडे पाहत राहिल्या. "मागच्या गाडीनं येत असतील," त्या म्हणाल्या. संजय फोन उचलेना. "गाडीत ऐकू येत नसल." मागची गाडीही आली आणि फलाट पुन्हा रिकामा झाला. दुपार झाली, पंचा वाळून कडक झाला, तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "काकू, तो मेसेज दाखवा बरं."

मेसेजमध्ये एवढंच होतं: ५/६. मी सरळ वाचला तर पाच जून. त्यांना मात्र तो मे सहा. त्यांना हे कसं सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात संजयचाच फोन आला. झोपेतला आवाज. काकूंनी स्पीकर लावला होता.

"आई, इतके फोन? बरी आहेस ना?"

"काही न्हाई रे, सहज केला. तारीख तेवढी पुन्हा सांग."

"पाच जून गं. तुला सोपं जावं म्हणून मुद्दाम आपल्या पद्धतीनं लिहिली होती. कळली होती ना?"

काकूंनी वाळलेल्या पंच्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "व्हय व्हय, बराबर कळली."

एवढ्यात वरच्या भोंग्यातून गाडीची सूचना सुरू झाली. संजयनं विचारलं, "कुठं आहेस तू?"

"बाजारात," काकू म्हणाल्या. "तू झोप. रात्र हाय तिकडं."

मला त्या लेकाचा राग यावा की कीव, हेच कळेना. त्यानं आईसाठी आपली तारीख लिहिली, आणि आई त्याच्यासाठी केव्हाच त्याच्या तारखेत राहायला गेली होती.

परतताना काकू खिडकीतून केळीच्या बागा पाहत होत्या. "महिनाच तं हाय," त्या एकदा म्हणाल्या. थोड्या वेळानं, "यंदा हुकणार न्हाई ना हो?" मी म्हणालो, "नाही हुकणार."  केळी त्यांनी तशीच मांडीवर धरली होती.

अर्धापूर मागं पडलं. उघड्या काचांमधून भट्टीसारखी झळ आत येत होती. काकूंनी विचारलं, "आज किती हाय हो?"

मी फोन पाहिला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मनात हिशोब करून म्हणालो, "एकशे आठ."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्यातलं सांगा."

"बेचाळीस."

काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घट्ट लपेटून घेतला.

"काच वर करा, बापूराव," त्या म्हणाल्या. "लई थंडी हाय."