दुसरी सीडी

सोमवारी संध्याकाळी ज्ञानदा ऑफिसातून जरा लवकर घरी आली, तेव्हा तिचे बाबा टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या बाजूचा टेपरेकॉर्डर टॉवेलखाली झाकलेला होता.

"काय चाललंय बाबा?"

"कुठे काय. आरत्या ऐकत होतो. माघी गणपती आला की जवळ."

"टॉवेल घालून?"

"धूळ किती असते, बघतेस ना."

त्यांच्या कॉलनीत, एव्हरशाईन सिटीत, धूळ होती हे खरंच होतं. ज्ञानदाचं डोकं दुखत होतं. ती आत जाऊन पडली.

तिचे बाबा, कृष्णा सामंत, सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि गच्चीवरचा भोंगा त्यांच्या ताब्यात होता. नळाला पाणी नसे, टँकर येई, आणि टँकर आला की सामंत भोंग्यावरून सांगत, "टँकर आलेला आहे. ए विंगने आधी यावं. धक्काबुक्की करू नये." इतकी वर्षं हे चाललं होतं की त्यांचा आवाज आला म्हणजे माणसांचे हात परस्पर बादलीकडे जात, कान नंतर पोचत. एकदा त्यांनी भोंग्यावरून कुणाच्या तरी निधनाची बातमी दिली, तर निम्मी इमारत कळशा घेऊन खाली उतरली होती.

घरात मात्र या आवाजाला ज्ञानदा वैतागली होती. आईला इंग्रजी येत नसे, म्हणून इंग्रजी सिनेमा लागला की बाबा तो मराठीत सांगत. तेवढ्यावर भागलं असतं. पण ते सिनेमा आधी गुपचूप बघून ठेवत आणि पुढचंही सांगत. यंदा त्यांनी एका मोठ्या चित्रपटाच्या व्हीसीडीची कित्येक महिने वाट पाहिली होती. बर्फ वितळतं, समुद्र चढतो, शहरं बुडतात. बुडत्या दीपगृहात एक म्हातारा जागा सोडायला तयार नाही आणि त्याची मुलगी होडी घेऊन त्याला आणायला निघालेली. डिसेंबरात मद्रासकडे समुद्राने जे केलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं, त्यामुळे आईने बघताना पदर तोंडावर धरला होता.

रविवारी पहिली सीडी बघताना ज्ञानदा कडाडली होती, "बाबा, पुढचं सांगू नका! एकदा तरी गप्प बसून बघू द्या."

ते गप्प बसले. पहिली सीडी संपली तेव्हा होडी धुक्यात शिरत होती.

"दुसरी उद्या बघू," ते म्हणाले. "मी बोलणार नाही. बघशील तू."

सोमवारी ज्ञानदाचं डोकं दुखलं, म्हणून दुसरी राहिली. मंगळवारी सकाळी ते फिरायला गेले आणि कुणीतरी त्यांना रिक्षातून परत आणलं.

माघी गणपती बसला तोवर त्यांचा तेरावा होऊन गेला होता. सोसायटीचा गणपती तळमजल्यावर पार्किंगमध्ये बसे. नवे सेक्रेटरी शत्रुघ्न कदम दारात येऊन चपला काढू की नको अशा पेचात उभे राहिले.

"ज्ञानदा, ती आरत्यांची कॅसेट... सामंतसाहेबांकडेच असायची."

तिने टेपरेकॉर्डर उघडला. कॅसेट आतच होती. वर बाबांच्या अक्षरात 'आरत्या' लिहिलेलं होतं. तिने ती काढून दिली.

संध्याकाळी आई वरच राहिली. ज्ञानदा खाली जाऊन खांबाआड उभी राहिली. कदमांनी कॅसेट घातली, भोंग्याचं बटण दाबलं, पहिली आरती नीट पार पडली. टाळ्या, झांजा, कापूर. मग खर्र झालं आणि सगळीकडे शांतता पसरली. त्या शांततेत कुणीतरी घसा खाकरला.

ते खाकरणं सगळ्यांनी ओळखलं.

"विनया," भोंगा म्हणाला. समोरच्या इमारतीवर आपटून तो आवाज जरा उशिराने परत आला, जणू पलीकडून आणखी एक सामंत बोलत होते. "विनया, ऐक आता."

वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईने 'ओ' दिली.

कदमांनी आरतीचं ताट खाली ठेवलं.

"हे फक्त तुझ्यासाठी," आवाज अख्ख्या कॉलनीला सांगू लागला. "कानाला लावून ऐक. बाहेर आवाज जाता कामा नये. समुद्र मागे गेलाय. मासे तडफडतायत. आता तो येणार."

"कदम, बंद करा ते!" कोणीतरी पुटपुटलं.

"मी कसं करू?" कदम कुजबुजले. "ते बोलतायत ना. सेक्रेटरी बोलत असताना मध्ये तोडायचं नाही, हा नियम त्यांचाच आहे."

तेवढ्यात जिन्यात भांड्यांचा खणखणाट झाला. जे आरतीला आले नव्हते त्यांनी वर फक्त आवाज ऐकला होता, आणि हातांनी आपलं काम केलं होतं. सगळ्यात पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या शकूमावशी, खाडीकाठच्या गावातून इथे राहायला आलेल्या, कमरेवर हंडा.

"ए विंग आधी!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "कुठं हाय टँकर? पानी किती?"

"खूप," भोंगा म्हणाला. "इतकं की गल्ल्या दिसेनाशा झाल्यात."

शकूमावशींनी हंडा खाली ठेवला. मग त्यांना आठवलं की हा माणूस पंधरवड्यापूर्वी गेला आणि आपण त्याच्या घरी जाऊन रडून आलो. त्यांनी हंडा पुन्हा उचलला आणि छातीशी धरला. मागे बादल्यांची रांग लागतच होती, कारण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं.

"खाली काय उभे राहिलात, वेड्यांनो?" भोंग्याने विचारलं. "वर चला! सगळे वर चला!"

मग मात्र धीर सुटला. नव्या भाडेकरूंनी मुलांना बखोटीला धरून जिना गाठला. कदमबाई घरातून दागिन्यांचा डबा घेऊन वर निघाल्या. वरून बादल्या उतरत होत्या, खालून माणसं चढत होती. पहिल्या मजल्यावर डबा आणि पिंप एकमेकांना भिडले.

"अहो, वर कुठे? टँकर खाली येतो!"

"समुद्र येतोय!"

"कोण म्हणालं?"

"सामंत!"

"ते तर गेले!"

"म्हणून तर! त्यांना आधी कळलं असेल!"

यावर पिंपही वर वळलं.

"ज्ञानदा," कदम काकुळतीला आले, "तू कर ना बंद. तुला ते रागावणार नाहीत."

ती खांबाआडून निघाली. यंत्राजवळ पोचली, बटणावर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहिलं.

"म्हातारा अगदी वरच्या पायरीवर बसलाय," बाबा सांगत होते. आवाज आता हळू झाला होता. "पाणी गुडघ्याला लागलंय. तो कंदील हलवतोय, पण होडी काही दिसत नाही. धुकं किती ते! तुला वाटेल, संपलं सगळं. तर तसं नाही गं विनया. कारण मग काय होतं..."

टेपमध्ये दाराची कडी वाजली.

ती कडी ज्ञानदाने ओळखली. तिच्याच हाताने ती काढली होती, डोकं दुखत असताना.

"थांबतो," बाबा कुजबुजले, आणि ती कुजबुज कॉलनीमागच्या मिठागरांपर्यंत गेली. "ज्ञानदा आली वाटतं. तिला पुढचं सांगितलेलं नाही आवडत."

खट्ट झालं आणि दुसरी आरती मधल्याच ओळीपासून सुरू झाली, झांजांसकट. माणसांनी सुटकेने जोरजोरात टाळ्या धरल्या. शकूमावशींनी हंड्यावर ताल धरला. कदमांनी विझलेला कापूर पुन्हा पेटवला. वर गॅलरीत आई कठड्याला धरून तशीच उभी होती.

ज्ञानदाने कॅसेट थांबवली. टाळ्या अडखळल्या आणि बंद पडल्या. बाजूला बाबांचा माईक पडला होता, त्याच्या मुठीला त्यांनी रुमाल बांधलेला. तो चालू आहे की बंद, हे तिने पाहिलं नाही. तिने तो तोंडाशी धरला. आवाज भोंग्यातून गेला आणि समोरच्या इमारतीवरून जरा उशिराने परत आला.

"बाबा, सांगा ना. पुढे काय होतं, सांगा."